तू नापास केलेला तिसरा भाग

किसन,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून वही घेऊन बसलो, तर आधी भांडणच आठवलं. आपण शेवटचं नीट बोललो त्याला दोन महिने होऊन गेले होते. कँटीनमध्ये तू समोरून यायचास आणि मी पाण्याच्या नळाकडे वळायचो. एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, चौदा वर्षं शेजारी बसून डबा खाल्लेली दोन माणसं, आणि भांडण कशावरून, तर एका इंग्रजी पिक्चरवरून. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. तू असतास तर कदाचित मीही हसलो असतो.

मेलेल्या माणसाशी खोटं बोलू नये म्हणतात. जिवंतपणी बोललं तर चालतं, असा त्याचा सोयीचा अर्थ मी बारा वर्षं लावला. म्हणून आता आधीच सांगून टाकतो. त्या अवकाशयानाच्या पिक्चरचा पहिला भाग तू पाहिलास तसा नव्हता. मी तो तसा दाखवला. दाखवला चुकून, पण नंतर ती चूक पोटात ठेवली ती मात्र जाणूनबुजून. तुझं आणि माझं जे काही बिनसलं त्याचं मूळ तिथं आहे, आणि ते तुला ठाऊक नसतानाच तू गेलास.

वहिनी गेल्या त्या वर्षीची ही गोष्ट. आठ दिवसांच्या तापात बाई गेली. सुजाता तेव्हा चार वर्षांची होती. चौदाव्या दिवशी तू मोशीहून सायकल मारत भोसरीला कामावर हजर झालास, कार्ड पंच केलंस आणि इन्स्पेक्शनच्या टेबलाशी जाऊन बसलास तो तोंड मिटूनच. आधीही तू काही फार गोडबोल्या नव्हतास. मापात केसाएवढा फरक निघाला तरी तयार जॉबची अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस तू. लेथवरची पोरं पाठीमागे तुला 'दगड' म्हणायची, आणि ते तुला माहीत होतं. पण त्या दिवसांत तू चांगले जॉबही परत पाठवायला लागलास. सुपरवायझर तुझ्या वाटेला जाईनासा झाला. दुपारी डबा उघडायचास, दोन घास खायचास आणि उरलेलं माझ्याकडे सरकवायचास. मी खायचो. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं, आणि तुझ्या आईची भाकरी टाकून देणं बरं वाटत नव्हतं.

त्याच महिन्यात तू मला मेमो मिळवून दिलास. आपल्या शॉपचा नियम होता. ज्या जॉबबद्दल शंका असेल त्यावर इन्स्पेक्शनवाल्यानं लाल पट्टी ओढायची, आणि त्यानं स्वतः येऊन ती पुसेपर्यंत त्या जॉबला कुणी हात लावायचा नाही. मी घाईत लाल पट्टीचं एक कास्टिंग चांगल्यांत मिसळलं. तू ते हुडकून काढलंस, साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलंस आणि चारचौघांत मला म्हणालास, "लाल दिसलं की हात मागं घ्यायचा, वसंता. मी सोडंपातुर त्यो माल तुझा न्हाई." मला इतका राग आला की मी आठ दिवस तुझा डबाही घेतला नाही. पण वाक्य अंगात मुरलं. पुढं वर्षानुवर्षं बाजारात लाल झाकणाची बरणी दिसली तरी मी उचलायला बिचकायचो.

मग तो गुरुवार आला. आपल्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, म्हणून वेल्फेअर ऑफिसरनं त्या दुपारी कँटीनमध्ये पिक्चर ठेवला. मागवला होता पौराणिक. पुण्याच्या दुकानानं तो दुसरीकडं गेलाय म्हणून हा इंग्रजी पाठवला, आणि मशीन चालवणारा माणूस आलाच नाही. मी गावाकडं जत्रांमधून तंबूच्या थिएटरात दोन हंगाम मशीन चालवलेलं, म्हणून मला पुढं केलं. खिडक्यांना पेट्यांतला काळा कागद डकवला. त्याआधी सकाळी मी मोशीला येऊन तुला घेऊन गेलो. तू नको म्हणत होतास. तुझ्या आईनं सुजाताला मांडीवर ओढलं आणि मला नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, ने याला.

फिल्मचे डबे चार होते. तिसऱ्या डब्याच्या झाकणावर लाल चिकटपट्टी होती. माझा हात आपोआप मागं आला. मला वाटलं, आतली फिल्म फाटलेली असणार, लावली तर मशीनमध्ये अडकून जळायची आणि पुन्हा मेमो. ती पट्टी सोडणार कोण? आपल्याकडं सोडणारा तूच. तू तिसऱ्या रांगेत बसला होतास, हातात चहाचा ग्लास, दोन्ही बाजूंना माणसं. इतक्या दिवसांनी तुला चार माणसांत बसलेला पाहत होतो. तुला उठवावंसं वाटलं नाही. तो डबा मी बाजूला ठेवला आणि एक, दोन, चार असे लावले. इंग्रजी कुणाला कळणार होतं? तीनशे माणसांत इंग्रजी येणारा एक वेल्फेअर ऑफिसर, तो हिशोबाच्या खोलीत झोपलेला.

गोष्ट तशी साधी होती. पाच माणसं यानात बसून कुठं तरी फार लांब चाललेली. चौघं गोरीगोमटी, इस्त्रीच्या कपड्यांतली, त्यात एक पोरगी. पाचवा म्हातारा मिस्त्री, ढगळ डांगरी घातलेला, हात काळे. तो पडद्यावर आला तेव्हाच अख्ख्या कँटीननं त्याला आपला म्हणून घेतलं. माणूस चंद्रावर उतरून वर्ष झालं होतं, त्यामुळं असल्या गोष्टी कुणाला अगदीच थापा वाटत नव्हत्या. दुसऱ्या डब्यात यान बिघडलं. आणि मधलं सगळं गाळून मी चौथा लावला, तर मिस्त्री यानाच्या बाहेर, दोरीला लटकून काहीतरी दुरुस्त करतोय. यान सुरू झालं, दोरी तुटली आणि मिस्त्री त्या काळोखात हळूहळू लांब गेला. बाकीचे चौघं पृथ्वीवर परत आले. त्यांच्या गळ्यात हार पडले. मोठ्या अक्षरांत शेवट लिहून आला. मी दिवा लावला. तू खाली बघत होतास, आणि मी मनात स्वतःला शिव्या घालत होतो, की नुकती बायको गेलेल्या माणसाला आपण हे काय दाखवायला आणलं.

पण आपली माणसं काय उठणार? क्रेनवाला म्हणाला, चार डबे उतरले होते, आम्ही मोजलेत, लागले तीनच. मग सगळेच म्हणायला लागले. ऑफिसर डोळे चोळत आला, त्यानं लाल पट्टी टरकन ओढून काढली, फिल्म पाहिली. चांगली होती. झाकण सैल होतं म्हणून पट्टी लावलेली, एवढंच. "लाव," तो म्हणाला. राहिलेला डबा कितवा ते कुणी विचारलं नाही. मी दिवा बंद केला आणि तिसरा डबा लावला.

आणि मिस्त्री परत आला. यानात, त्याच डांगरीत. चौघंही होते. तो इंजिनाखाली घुसत होता, कसलं तरी गाणं गुणगुणत होता, त्या पोरीच्या हातात पाना देऊन कसा धरायचा ते दाखवत होता, तिनं चुकीचा नट पिळला तर हसत होता. सगळे एकत्र जेवले. अर्धा तास हेच. शेवटी त्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, गोल दरवाज्याच्या दांड्यावर हात ठेवला, मागं वळून हसला, आणि पडदा पांढरा झाला.

लोक उठले. कुणी म्हणालं पुढचा भाग फुकटात मिळाला, कुणी म्हणालं इंग्रजांचं सगळं उलटं. तू उठला नाहीस. मी रीळ गुंडाळत होतो, तर तू जवळ येऊन विचारलंस, अजून एक चहा मिळेल का. महिनाभरात तू स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

उन्हं कलताना आपण मोशीच्या रस्त्याला लागलो, तू सायकल हातात धरून. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लावलेली. बराच वेळ चाललो आणि तू म्हणालास, "त्यांनी शेवट लिहिला व्हता, वसंता. मी अक्षरं बघितली. आन् तरीबी मिस्त्री कामावर परत आला."

मी तोंड उघडलं होतं, किसन. डब्यांचा क्रम जिभेवर आला होता. पण तुझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू डबा उघडलास आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लास. माझ्याकडं काही सरकवलं नाहीस. मग उद्याचं परवा झालं, आणि परवाची बारा वर्षं.

तू काही भोळा नव्हतास. घरात देव्हारा नाही, आत्मा मानत नाहीस. वहिनींच्या पुण्यानुमोदनाला गल्लीतली एक बाई तिचा जीव इथंच घुटमळतोय म्हणाली, तर तू तिला हात जोडून गप्प केलंस. मिस्त्रीचंही तुझं शास्त्र तयार होतं. बाहेर एवढा गारठा, गारठ्यात माल खराब होत नाही, त्यांनी आकड्यानं ओढून घेतला असणार, पुन्हा पाठवला कामावर. मी एकदा भीत भीत विचारलं, की तुला वाटतं का वहिनीही अशा परत… तू माझ्याकडं असं पाहिलंस की मला माझीच लाज वाटली. "कमल येणार न्हाई, ते मला कळतं," तू म्हणालास. "पर शेवट लिहिल्यावरबी पुढं काय तरी असतं, येवढं बास हाय मला." त्यानंतर मी तुला काय सांगायचं होतं? त्या महिन्यापासून तुझ्याकडून चांगले जॉब परत येणं थांबलं. वाईट मात्र यायचेच, आणि ते पाहून मला हायसं वाटायचं.

सुजाता ती गोष्ट ऐकत मोठी झाली. तुझ्या गोष्टीत मिस्त्री दर वेळी नवं काहीतरी दुरुस्त करायचा. कधी यान, कधी तुझी सायकल, कधी मोशीतला बंद पडलेला पंप. सहा वर्षांची पोर चेन चढवायला शिकली, ती त्या पिक्चरमधल्या पोरीसारखा पाना धरून. मी आलो की ती मला विचारायची, काका, तुम्ही पण बघितलाय ना परत आलेला? मी हो म्हणायचो. ते खोटं होतं असं मला तेव्हा वाटायचं.

दुसरा भाग आला तेव्हा आपण गुरुवारी बसनं पुण्याला गेलो होतो. तिथं मिस्त्री नव्हता. नसणारच, तो मेलेला. पण एका दृश्यात इंजिनाच्या खोलीत एक माणूस पाठमोरा काम करत होता, डोक्यावर ते काचेचं टोपडं. तू मला कोपर मारलंस. "त्योच." मी म्हटलं, हो, चाल तीच आहे. बाहेर येऊन आपण भेळ खाल्ली आणि तू येताना बसमध्ये कंडक्टरलाही गोष्ट सांगितलीस. माझ्या आयुष्यात फार चांगले दिवस मोजून असतील, त्यातला तो एक आहे. खोट्यावर उभा होता तरी आहे.

मग सहा वर्षांनी तिसरा. जाहिरात पेपरात आली तेव्हा तू ती कापून खिशात ठेवलीस. शॉपमध्ये नव्यानं आलेल्या पोरांना आधीचे दोन्ही भाग तोंडपाठ करून दिलेस. त्या गुरुवारी तू दाढी करून, नवा शर्ट घालून बस स्टॉपवर माझ्याआधी उभा होतास. सुजाताची अकरावीची परीक्षा होती म्हणून ती आली नाही. बरं झालं.

किती वाईट पिक्चर होता तो, किसन! आता तरी कबूल करतो. यान इतकं चकचकीत, की कुणी कधी त्यात जेवलंही नसेल. सगळी कामं बटणांवर. एक बोलणारं यंत्र, बाहुलीसारखं, ते दर दोन मिनिटांनी विनोद करायचं. सगळ्यांचे केस जागच्या जागी. आदळआपट मात्र पहिल्या दोन्ही भागांत मिळून नव्हती एवढी. मध्यंतरापर्यंत तू धीर धरला होतास. मला हळूच म्हणालास, एवढं मोठं यान आणि एकाच्या खिशात पाना नाही. आजूबाजूची माणसंही जांभया देत होती. तेवढ्यावर राहिलं असतं तर आपण बाहेर येऊन चार शिव्या घातल्या असत्या, भेळ खाल्ली असती आणि मोकळे झालो असतो. आवडत्या पिक्चरचा पुढचा भाग वाईट निघणं हे काही जगातलं पहिलं दुःख नाही.

पण मध्यंतरानंतर त्यांनी ती भिंत दाखवली. यानातल्या एका भिंतीवर मिस्त्रीचा फोटो, खाली दिवा, आणि सगळे माना खाली घालून उभे. मग जुना प्रसंग पुन्हा. दोरी तुटते, मिस्त्री काळोखात जातो. त्याच्या जागेवर एक गुळगुळीत पोरगा येतो आणि बटण दाबतो. तू उभा राहिलास. मागून कुणीतरी ओरडलं, बसा ओ. तू बसलास, आणि पिक्चर संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिलास. शेवट लिहून आला तरी तू पडद्याकडंच बघत होतास. थिएटर रिकामं झालं. झाडणारा आला. आता पुढं काही येणार नव्हतं.

भोसरीला उतरल्यावर टपरीवर चहा घेताना तू म्हणालास, की त्यांनी मिस्त्रीला मारला. मी म्हटलं, तो पहिल्याच भागात मेला होता. तू म्हणालास, "मेला व्हता, व्हय. पर परत आला न्हवं? तू मशीनपाशी व्हतास. तू तर समद्यांपेक्षा जवळून बघितलंस."

तिथं मी सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी काय म्हणालो? मला तर पिक्चर आवडला. लोकांना जुनंच हवं असतं, म्हणालो. नव्या जमान्यात मिस्त्री लागत नाहीत, म्हणालो. विषय बंद करायचा होता मला, दुसरं काही नव्हतं. पण तू चहा अर्धा ठेवून उठलास. पंचवीस वर्षं हातानं माप घेणाऱ्या माणसाला मी ते वाक्य ऐकवलं, तेही त्या दिवशी.

आठ दिवसांनी तू कागद घेऊन माझ्या खोलीवर आलास. पिक्चर काढणाऱ्या कंपनीला पाठवायचं पत्र. इंग्रजी सुजाताचं होतं, पण शेजारी मराठीत मजकूर तुझा, आणि बेतलास तो आपल्या रिजेक्शन नोटसारखा. वर जॉबचं नाव: यानाचा तिसरा भाग. मग दोष. मग काय अपेक्षित होतं, काय मिळालं. मला अजून आठवतं, तू लिहिलं होतंस: 'भोसरी येथे आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, गुरुवारी दुपारी, शेवटाची अक्षरं येऊन गेल्यावर मिस्त्री कामावर परत आलेला दिसला. तीनशे कामगारांनी पाहिला. तरी तिसऱ्या भागात तो मेलेला दाखवला, ही चूक आहे. माल नापास.' खाली दोन सह्यांच्या जागा. इन्स्पेक्टरची केलेली. आपल्याकडं ऑपरेटरच्या सहीशिवाय रिजेक्शन धरत नाहीत. ऑपरेटर मी.

मला वाटलं, हे सातासमुद्रापार जाणार, तिथला कुणीतरी वाचून हसणार, किंवा उलट कळवणार की तुमच्याकडं डबे उलटसुलट लागले. आणि मला वाटलं, तोंडानं हो म्हणणं निराळं, खोट्यावर सही करणं निराळं. सहीची किंमत तूच मला शिकवलेली. म्हणून मी कागद परत दिला. तू का म्हणून विचारलंस. कारण सांगायची हिंमत नव्हती, मग माणूस करतो तेच केलं. आवाज चढवला. "असल्या येडेपणावर मी सही करत नसतो."

तू कागदाची घडी घातलीस. खिशात ठेवलीस. "बरं," म्हणालास, आणि गेलास. मी दारातही आलो नाही.

दोन महिन्यांत साठ वेळा तरी मनात आलं, की मोशीला जावं आणि बसून सगळं सांगावं. सांगितलं असतं तर तुझ्या हातून मिस्त्री गेला असता. नाही सांगितलं तर मी गेलो होतोच. यातलं कमी वाईट कुठलं ते ठरत नव्हतं. आणि खरं सांगू, थोडी घमेंडही होती. एवढ्याशा गोष्टीवरून बोलत नाही तर नको बोलू, असंही मी म्हणायचो. मग एका सकाळी तू सायकल बाहेर काढताना अंगणातच बसलास तो उठलाच नाहीस, आणि निरोप आला तेव्हा मी मशीनवर होतो. इंद्रायणीच्या काठी मी तुला खांदा दिला. शॉपमधले सगळे होते. लेथवरचीही पोरं होती, आणि एकानंही तुला दगड म्हटलं नाही.

परवाच्या गुरुवारी पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, माणसं जेवून गेली, तुझी आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. सुजाता माझ्यासमोर येऊन बसली. सोळा वर्षांची पोर, पण बघते तुझ्यासारखी, सरळ. तिनं तो कागद आणून दिला. तुझ्या शर्टाच्या खिशात होता. पाठवला नव्हतास. ऑपरेटरच्या सहीशिवाय पाठवणार नाहीसच तू.

मी तिला सगळं सांगितलं. चार डबे, लाल पट्टी, क्रेनवाला, ऑफिसर, उलटलेला क्रम. खरा पिक्चर कसा होता तेही सांगितलं, की मिस्त्री परत येत नाही, तिसऱ्या भागानं काही खोटं दाखवलं नाही, खोटं आमच्या कँटीननं दाखवलं. तुझे बाबा बारा वर्षं माझ्या चुकीवर जगले, म्हणालो. आणि मला रडू आलं. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा तिलाही रडू येईल. तिनं कागद पुन्हा एकदा वाचला, ओळीवर बोट ठेवून, जसा तू ड्रॉइंग वाचायचास.

"काका, मग बाबांनी यात खोटं काय लिहिलंय?"

तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"पिक्चर कसा बनवला होता ते त्यांनी लिहिलंच नाही," ती म्हणाली. "त्या दुपारी कँटीनमध्ये काय दिसलं तेवढंच लिहिलंय. तुम्हाला निराळं दिसलं होतं का?"

तू आयुष्यभर हेच सांगत आलास, की इन्स्पेक्टरनं दिसतं तेवढंच लिहायचं, का झालं ते दुसऱ्यानं शोधावं. तू दिसलं तेवढंच लिहिलं होतंस. मला दोन महिने, नाही बारा वर्षं, वाटत राहिलं की खरं आणि तू यातलं एकच मला राखता येईल. मी सही केली असती तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तू माझ्या दारात उभा होतास आणि मी तुला येडा म्हणालो.

माफी मागत नाही. ती जिवंत माणसाकडं मागतात. तुला साक्ष हवी होती, ती देतो, उशिरा देतो. त्या गुरुवारी शेवटाची अक्षरं येऊन गेली. मी दिवा लावला, मग दिवा बंद केला, आणि मिस्त्री परत आला, किसन. त्याचे हात काळे होते, तो हसत होता, आणि तो कामाला लागला. मशीनपाशी मी होतो. मी पाहिलं.